मला न दाखवलेलं तोंड

मित्रांनो, मी एका सलूनमधला जुना आरसा आहे आणि मला माणसांची तोंडं आवडत नाहीत. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर हा आता आपल्याबद्दल काहीतरी गोड बोलेल, म्हणून तुम्ही शेवटपर्यंत वाट बघत बसाल. रोज वीस-पंचवीस तोंडं याप्रमाणे चाळीस वर्षं काढलीत, तर तुम्हीही गोड बोलायचं विसराल.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीतून निघालो तेव्हा मी नुसती काच होतो, आरपार, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. मग एका कामगाराने माझ्या पाठीला चांदीचा मुलामा दिला, त्यावर तांबडा रंग फासला आणि मला जन्मभराच्या कामाला जुंपलं. मी पुरता वाळलो, तेव्हा पहिल्यांदा तोच माझ्यासमोर आला. मला वाटलं, आपल्या हातच्या कामाचं कौतुक करेल. त्याने दातांत अडकलेलं काहीतरी नखाने काढलं आणि तो जेवायला गेला. माणसांशी माझी ओळख झाली ती अशी.

तिथून मला एका तरुणाने विकत घेतलं. त्याने नुकतंच सलून उघडलं होतं. पुढे दुकानाची खोली, मागे राहायच्या दोन. त्याने मला भिंतीवर पक्कं बसवलं, समोर गोल फिरणारी खुर्ची ठेवली आणि माझ्या पायाशी कात्र्या, कंगवे, वस्तरे ओळीने मांडले. तो तरुण आता आजोबा झाला आहे. त्यांचा हात अजून स्थिर आहे, हे मीही कबूल करतो. पण आरसा कसा पुसायचा, हे चाळीस वर्षांत त्यांना उमगलेलं नाही. ओला कागद घेतात आणि भांडं घासल्यासारखे मला घासतात. माझ्या कडांना काळे डाग पडले आहेत, ते नुसत्या वयाने पडलेले नाहीत.

आता गिऱ्हाइकांचं सांगतो. आमच्याकडे एक हेडमास्तर येतात. दारातून आधी त्यांचं पोट येतं आणि मागून ते. पण खुर्चीत बसून माझ्याकडे नजर गेली, की पोट गायब. केस कापून होईपर्यंत बिचारे श्वास कोंडून बसतात. एक विमेवाला आहे. आजोबा वस्तरा धुवायला वळले, की तेवढ्यात तो हसण्याचा सराव करून घेतो. त्याच्याकडे तीन प्रकारची हसू आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. आणखी एकाच्या डोक्यावर मोजून अकरा केस असतील. तरी तो ऐटीत सांगतो, “मागून जरा बारीक करा.” तुम्हीही काही कमी नाही, मित्रांनो. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तुम्हाला बसवलं, की आधी रडून दुकान डोक्यावर घेता आणि केस कापून झाले, की जीभ काढून स्वतःलाच वेडावता. आजवर ‘काय छान आरसा आहे’ असं मला कुणी म्हटलेलं नाही. माझ्यासमोर उभं राहून सगळे स्वतःवरच खूश असतात.

अशा या दुकानात आजोबांची नात आली, तेव्हा ती आठ महिन्यांची होती. तिची आई म्हणजे आजोबांची मुलगी. ती दुसऱ्या गावी कापडगिरणीत काम करते आणि पंधरा दिवसांनी घरी येते. नातीच्या बापाबद्दल मी फार बोलणार नाही. मुलीला काय झालं आहे, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं, त्याच आठवड्यात मायलेकींना इथे सोडून तो निघून गेला. जाताना माझ्यासमोर थांबून त्याने भांग नीट पाडला. तेवढा वेळ त्याच्याकडे होता.

जन्माच्या वेळी मुलीच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. त्यामुळे तिचे हातपाय, मान आणि तोंड तिचं ऐकत नाहीत. हात उजवीकडे न्यायचा म्हटलं, तर तो डावीकडे जातो. ओठ मिटत नाहीत आणि हनुवटीवरून लाळ गळत राहते. बुद्धी मात्र तल्लख. गोड कुठे लपवलंय, ते घरात तिला सगळ्यांच्या आधी कळतं आणि सरपटत सरपटत ती तिथे पोचते. म्हणून आजीने तिचं नाव मुंगी ठेवलं.

सुरुवातीला आजी तिला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसत असे. गिऱ्हाइकं तिच्याकडे सरळ बघत नसत. तेवढी धमक कुठून आणणार? ती खुर्चीत बसून माझ्यातून बघत. टक लावून, मनसोक्त. चेहऱ्यावर असा काही कळवळा आणत, की मला किळस यायची. आपण चोरून बघतोय, ते कुणाच्या लक्षात येत नाही, असं त्यांना वाटे. अरे शहाण्यांनो, ज्याच्यातून बघताय त्याला कळत नसेल का? आणि तुमच्या मानेशी कात्री घेऊन जो माणूस उभा आहे, त्याला?

आजोबांना सगळं दिसत होतं. अशा वेळी त्यांनी काय करायला हवं होतं? एकेकाला चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं. त्यांनी बाक हलवला. मी ज्या भिंतीवर आहे त्याच भिंतीच्या कोपऱ्यात, माझ्या नजरेच्या पार बाहेर, बाक नेऊन ठेवला. घरातला छोटा आरसा ट्रंकेत टाकला. आणि मुंगीचे केस कापायची वेळ आली, तेव्हा तर कमाल केली. गावातल्या प्रत्येक ऐऱ्यागैऱ्याची खुर्ची माझ्याकडे करणाऱ्या या माणसाने आपल्या नातीची खुर्ची तेवढी माझ्याकडे पाठ करून फिरवली. तिने स्वतःचं तोंड पाहिलं तर ती खचून जाईल, असं त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. पाच वर्षं मला तिच्या डोक्यावरचे दोन भोवरे तेवढे दिसले. तिच्यासमोर वाकून केस कापणाऱ्या आजोबांचा चेहरा दिसायचा, आणि तो बघवत नसे. मला त्या भित्र्या म्हाताऱ्याचा मनापासून राग यायचा.

मुंगी मला दिसत नसली, तरी ऐकू येत होती. कोपऱ्यात सतरंजीवर आजी तिचे पाय ताणायची. “सोड गं बये, सोड. पाय आहे की खुंटी?” असं म्हणत दहापर्यंत मोजायची, आणि सात झाले की मुंगी मुद्दाम ओरडायची. मग आजी पुन्हा एकपासून सुरू करायची आणि दोघी हसत सुटायच्या. गिऱ्हाईक नसलं, की आजोबा पाणी फवारायच्या बाटलीने तिच्या अंगावर पाणी उडवत. कधी तिच्या नाकावर साबणाचा फेस लावत. तिचं हसू उचकीसारखं थांबत थांबत यायचं. असलं हसू विमेवाल्याला जन्मात जमणार नाही. मला ते बघायचं होतं. बघायला मिळालं नाही, एवढंच सांगतो.

मुंगी सात वर्षांची झाली त्या वर्षी तिला दोनदा न्यूमोनिया झाला. ओठ मिटत नसल्यामुळे तिचा घोट नीट गिळला जात नव्हता आणि पाणी श्वासनळीत जात होतं. साधं पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने द्यावं लागे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “सहा महिन्यांत गिळणं सुधारलं नाही, तर पोटाला नळी बसवून त्यातून अन्न द्यावं लागेल.” काही मुलांचा जीव त्या नळीने वाचतो, असंही ते म्हणाले. पण ही मुलगी म्हणजे मुंगी. जिभेवर चव आल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. त्या दिवशी आजोबांनी पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाचा कान कापला.

बोलण्या-गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ओठ मिटायचे व्यायाम रोज आरशासमोर बसून करायचे, असं त्यांनी सांगितलं. आजोबा काय म्हणाले असतील? “आमच्या घरी आरसा नाही.” सलूनवाल्याच्या घरी आरसा नाही! या थापेवर त्यांनी दोन महिने काढले. शेवटी एके दिवशी बाई स्वतःच दुकानात आल्या.

“मग हा काय आहे?” त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“तो गिऱ्हाइकांचा आहे.”

“आजोबा, दोन महिने वाया गेले. चार राहिले. आपले ओठ कुठवर आलेत, ते तिला आतून कळत नाही. डोळ्यांनी दिसलं तर मिटता येतील.”

“मी सांगतो ना तिला, मीट म्हणून.”

“मग? मिटते?”

आजोबांनी कंगवा उचलला, पुसला, परत ठेवला. “बाई, तुमचं सगळं बरोबर असेल. पण एकदा का तिने स्वतःला पाहिलं, की पोर पुन्हा हसायची नाही. लोक कसे बघतात तिच्याकडे, ते मी बघितलंय.”

मागच्या खोलीतून आजी बाहेर आली. तिच्या हातात मुंगीला भरवायची वाटी आणि चमचा होता.

“अहो, तिने स्वतःला कधीच पाहिलंय.”

“कुठे?”

“ह्याच्यात.” आजीने चमचा त्यांच्या नाकासमोर धरला. “चमचा लख्ख पुसून समोर धरल्याशिवाय जेवत नाही ती. मला आधी वाटायचं, नखरे. मग नीट पाहिलं, तर ही बया चमच्यात बघून स्वतःशीच हसतेय. दोन वर्षं झाली त्याला.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“घरातला आरसा ट्रंकेत टाकताना तुम्ही मला विचारलं होतं?”

बाईंनी खाली बघून हसू दाबलं. मी दाबलं नाही, पण माझं हसू कुणाला दिसत नाही. आजोबांनी खुर्चीवर फळी टाकली, मुंगीला बसवलं, ती घसरू नये म्हणून कमरेभोवती टॉवेल बांधला, आणि स्वतः डोळे गच्च मिटून खुर्ची फिरवली.

अशा तऱ्हेने पाच वर्षांनी मी ते तोंड पुन्हा पाहिलं. पुढचा एक दात पडलेला. एक भुवई वर, एक खाली. हनुवटी ओली. मुंगीने स्वतःकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं जरासं बघितलं. मग तिची नजर मागे डोळे मिटून उभ्या असलेल्या आजोबांवर गेली आणि ती अशी खिदळली, की फळी हलायला लागली. एवढा मोठा माणूस भरदिवसा उभ्याने झोपलेला तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. आजोबांनी डोळे उघडले आणि ते रडले. पाच वर्षं फुकट घालवल्यावर माणसाने रडलंच पाहिजे, त्यात कौतुक नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. वरच्या ओठाला मधाचा थेंब लावायचा आणि मुंगीने माझ्यात बघून तो चाटायचा. ओठांत कागदाची पट्टी धरायची आणि आजीने मोजायचं. पट्टी एकला पडायची, दोनला पडायची. चिडली, की मुंगी हात झाडायची आणि मधाची बोटं माझ्यावर उमटायची. तीन आठवड्यांनी आकडा चारवर गेला. दुखणं आलं आणि परत एकवर आला. आजी पुन्हा एकपासून मोजू लागली. चिकाटी म्हणजे काय, हे मला हेडमास्तरांच्या भाषणातून कधी कळलं नव्हतं.

हेडमास्तरांचं सांगायचं राहिलंच. एकदा मुंगीचा व्यायाम संपायची वाट बघावी लागली, म्हणून ते फणकारले. “आजोबा, राग मानू नका, पण हे असं लाळ गाळणं सगळ्यांसमोर बरं दिसत नाही. आमच्या शाळेत आम्ही मुलांना शिस्त लावतो.”

“अगदी बरोबर,” आजोबा म्हणाले. “तुम्हाला दिसायला नको.” त्यांनी मुंगीला शेजारी स्टुलावर बसवलं, हेडमास्तरांना खुर्चीत घेतलं आणि माझ्याकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवून त्यांचे केस कापले. आपण दिसत नाही म्हटल्यावर हेडमास्तरांचं पोट हळूहळू बाहेर आलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच मोकळा श्वास घेत होते.

शेवटी उपदेश करायची पद्धत आहे. मी तो आधीच उरकतो, कारण शेवटी तुमचं लक्ष नसतं. मुंगीसारखं कुणी तुमच्या शेजारी बसलं, तर आरशातून, खिडकीच्या काचेतून, बोटांच्या फटीतून बघू नका. सरळ मान वळवा आणि नाव विचारा. उत्तराला वेळ लागेल, तर थांबा. तुम्हाला तरी कुठे मोठी घाई असते? आणि आरसा कोरड्या फडक्याने पुसा.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी दुपारी बाई दुकानात आल्या. आज घट्ट केलेलं नाही, साधं पाणी द्यायचं होतं, तेही कपाने. बाकावर विमेवाला बसला होता, एका गालाची दाढी झालेला, दुसऱ्या गालावर फेस. त्याला कुणी बाहेर जा म्हटलं नाही आणि तोही गेला नाही. बाक आता मागे, पूर्वीच्या जागी होता.

“हनुवटी खाली,” बाई म्हणाल्या. “घे. मीट. गीळ.”

मुंगीने माझ्यात बघितलं. कप ओठांना लागला. वरचा ओठ थरथरत खाली आला आणि खालच्याला टेकला. डावा कोपरा उघडा राहिला, तिथून एक थेंब ओघळला. तिने तो बघितला. मग तो कोपराही मिटला. गळा वर गेला, खाली आला. आता खोकला येतो का, याची सगळे वाट बघू लागले.

मी समोर पाहिलं. आजोबांनी ओठ आवळून हनुवटी छातीला लावली होती. आजीनेही. बाईंनीही. मागे तो विमेवाला, फेसाळलेलं तोंड घट्ट मिटून, नसलेला घोट गिळत होता. चार मोठी माणसं, आणि चारही बावळट दिसत होती, खोटं कशाला बोलू? पण चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर इतकी माणसं होती आणि त्यांतलं एकही स्वतःकडे बघत नव्हतं.

खोकला आला नाही. तूर्त नळी नको, असं डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले. तूर्त. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी मुंगीने रिकाम्या कपावर हात मारला, आणखी हवं म्हणून, आणि ती चारही तोंडं एकदम उघडली.