खंडेनवमीचा कॉम्प्युटर

मी झेंडू घेऊन घरात आले तेव्हा माझ्या टेबलावर नुसता मॉनिटर उरला होता. खाली कॅबिनेटच्या जागी धुळीचा चौकोन होता आणि मागून उपटलेल्या वायरी फरशीवर लोळत होत्या. कीबोर्डही गायब. माऊस तेवढा सोडला होता. तो कशाचा भाग आहे हे नेणाऱ्याला कळलं नसावं.

"आई, कॉम्प्युटर कुठंय?"

सासूबाई स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पुजंला नेलाय त्यांनी. ओसरीवर हाय बघ."

मला वाटलं, माझी ऐकण्यात काही चूक झाली. तीन वर्षं, म्हणजे लग्न होऊन मी या घरात आल्यापासून, दर खंडेनवमीला मी सासऱ्यांना विचारत होते, "तात्या, माझा कॉम्प्युटर ठेवू का पूजेत?" आणि दर वर्षी हा माणूस माझ्या तोंडावर हसत होता. "ह्याला ना धार, ना दात. हत्यार कशाला म्हणत्यात ठावं हाय का तुला? खोकं हाय ते, खोकं." आणि आज नेमकं त्यांनी ते खोकं स्वतःच्या हातानं उचलून नेलं होतं. सकाळी मला चाकणला पिटाळलं तेही याचसाठी, हे मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. "झेंडू तूच बघून आण, पोरं शिळा आणत्यात." एवढं गोड ते माझ्याशी कधी बोलत नाहीत.

ओसरीवर पाट मांडून त्यावर सगळं रचलं होतं. कोयते, विळे, पान्हे, पकड, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, आणि मधोमध माझं कॅबिनेट, त्याला टेकून कीबोर्ड. त्याच्या कपाळावर, म्हणजे जिथं चालू करायचं बटण असतं तिथं, हळदीकुंकवाची पाच बोटं. डोक्यावर ओली फुलं. बाजूच्या जाळीवर तर कुंकवाचा लपकाच बसला होता, आणि नारळ अगदी शेजारी फोडल्यामुळे पाण्याचे ओघळ जाळीतून आत गेलेले दिसत होते. पाटाच्या पलीकडे स्वच्छ टोपी घालून तात्या बसले होते. समाधानी दिसत होते.

"तात्या, हे काय केलंत?"

"पूजा केली. काय केली म्हंजी? तुझीच हौस हुती न्हवं?"

"मला आज काम आहे त्यावर. संध्याकाळी द्यायचंय. काल फोनवर बोलत होते तेव्हा तुम्ही इथंच बसला होता."

"पूजा झाली. आता दसऱ्याबिगर हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "हत्याराला एक दिस इसावा असतोय. आमच्या घराची रीत हाय ती. ह्या कोंडीरामाच्या, माझ्या घरात खंडेनवमीला खुरपं बी हालत न्हाई, हे समद्या गावाला ठावं हाय."

"तीन वर्षं खोकं होतं. आजच हत्यार कसं झालं?"

तात्यांनी टोपी सारखी केली. या प्रश्नाची ते वाटच बघत होते. "तूच म्हणत हुतीस ना, नवं केलंय, आता लई ताकद आलीय म्हून? मग नव्या हत्याराची पूजा नको?"

मी राग गिळायला शिकलेली बाई नाही. माझ्या माहेरी, राजगुरुनगरला, सगळे मला तिखटजाळ म्हणायचे. पण त्या क्षणी मी हातातला झेंडू तिथंच टाकून आत वळले. माझीच मेहनत त्यांनी माझ्या गळ्यात दगडासारखी बांधली होती.

ही मेहनत म्हणजे काय ते सांगायला हवं. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा. हा डेस्कटॉप मला वडिलांनी कॉलेजात असताना घेऊन दिलेला, लग्नात रुखवताबरोबर इकडे आला. इतका म्हातारा झाला होता की एखादी असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या सगळ्या भागांचं जोडचित्र, उघडायला सांगून मी चहा टाकायचे, गाळायचे, प्यायचे, कप विसळून यायचे, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. नवा घ्यायची ऐपत नव्हती आणि तात्यांकडे मागायची इच्छा नव्हती. सासरची जमीन कंपन्यांना आणि गोदामांना गेली, आता खोल्यांचं भाडं येतं, पण तिजोरीची किल्ली तात्यांच्या कमरेला. आणि सुनेनं कमावणं म्हणजे घरात काहीतरी कमी आहे असं गावाला दिसणं, हे त्यांचं ठाम मत.

माझी मैत्रीण पूनम काळेवाडीत जुन्या कॉम्प्युटरचं दुकान चालवते. तिनं कॅबिनेट उघडून आत फुंकर मारली आणि शिवीच घातली. "हर्षाली, हे मशीन आहे का अडगळीचा माळा? पण प्रोसेसर बरा आहे गं. नवीन घेऊ नको. यातच भरू." मग लोकांची घरबसल्या लहानसहान ड्रॉइंग करून जे मिळत गेलं, त्यातून एकेक वस्तू आली. आधी जुनी हार्ड डिस्क काढून वेगवान एसएसडी. मग तिच्याकडचीच वापरलेली रॅम. मग एका बंद पडलेल्या डिझाइन ऑफिसातलं ग्राफिक्स कार्ड. ते बसवल्यावर मशीन चालूच होईना, कारण जुन्या पॉवर सप्लायला ते झेपत नव्हतं. म्हणून पुन्हा थांबायचं, पुन्हा चार ड्रॉइंग करायची, मग नवा सप्लाय. चाकणहून काळेवाडीला बस बदलत, कॅबिनेट मांडीवर घेऊन मी किती वेळा गेले असेन. ज्या दिवशी ती असेंब्ली चहा टाकायच्या आत उघडली, त्या दिवशी मी एकटीच टेबलापाशी हसत बसले होते. तात्या दारातून म्हणाले होते, "खुळावली का काय ही?"

आणि त्या जोरावर मला साचे-हत्यारं बनवणाऱ्या तळवड्याच्या एका टूलरूमचं काम मिळायची वेळ आली होती. बुद्धरत्न सर तिथले मालक. त्यांनी एका फिक्श्चरचं, म्हणजे काम करताना भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्याचं, ड्रॉइंग परीक्षा म्हणून दिलं होतं. आज सहाच्या आत पाठवायचं. जमलं तर घरबसल्या कायमचं काम. नाही जमलं तर दुसरं कोणीतरी रांगेत होतंच.

मी नवऱ्याला, ज्ञानेशला, फोन केला. तो कंपनीत फर्स्ट शिफ्टला होता, आज रात्रीपर्यंत ओव्हरटाइमही होता. मागे पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा धडधडाट.

"एक दिवसाचं काय गं? सरांना सांग ना, सण आहे."

"सरांच्या गिऱ्हाईकाला सण नाहीये. तुम्ही तात्यांना सांगा."

"तात्यांना?" तो असा हसला की जणू मी त्याला चालत्या प्रेसमध्ये हात घालायला सांगत होते. "तात्यांना कोण सांगणार? हे बघ, लाइन चालू आहे, ठेवतो."

ठेवला. नवरा वाईट नाही माझा. पण वडिलांसमोर त्याचं बोलणं गळ्याच्या वर येत नाही, आणि त्या दुपारी मला त्याचीही चीड आली.

मी ओसरीवर परत गेले. पाटासमोर बसले, नमस्कार केला. खोटा नाही, मनापासून केला. मग फुलं काढून कोयत्यांवर ठेवली आणि कॅबिनेट उचललं.

"ए!" तात्या ओरडले. "ठिव ते खाली!"

मी उचललेलं खाली ठेवलं नाही. उलट कीबोर्ड काखेत मारला आणि स्क्रू-ड्रायव्हरही घेतला. आत पाणी गेलं होतं, उघडल्याशिवाय चालू करायची सोय नव्हती, आणि घरातलं एकूण एक हत्यार त्या पाटावर होतं.

"दोन दोन हत्यारं हालवली! अवदसा शिरलीय हिच्या अंगात. गवरे, बघ तुझ्या सुनेचं!"

सासूबाई पुरणाच्या हातानं दारात आल्या. "हर्षाली, अगं आजच्या दिस ऱ्हाऊ दे. मानानं ठिवलंय त्यांनी."

"मान करायचा होता तर मी चालू ठेवून गेलेल्या मशीनच्या वायरी उपटल्या नसत्या, आई. चोरून नेलंय त्यांनी."

चोरून हा शब्द ऐकल्यावर तात्यांचा चेहरा काळा पडला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

खोलीत नेऊन मी झाकण उघडलं. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावर कुंकू बसलं होतं, खाली बोर्डावर नारळाच्या पाण्याचे थेंब. जुन्या सुती ओढणीनं एकेक थेंब टिपला, ब्रशनं कुंकू झाडलं, पंख्याखाली सगळं उघडं ठेवून बसून राहिले. वाळलं की नाही हे कळायला काही मार्ग नसतो. शेवटी वायरी जोडल्या आणि बटण दाबलं. बोटाला हळद लागली. आतला पंखा फिरायला लागला, पडदा उजळला, आणि फाइल होती तशी उघडली. मला रडू आलं ते तेव्हा. लगेच पुसलंही, कारण वेळ नव्हता.

दारात सावली पडली. तात्या उभे होते.

"चालू केलंस?"

"केलं."

"रीत मोडलीस."

"मोडली. ज्यांनी रीत माझ्यावर हत्यारासारखी चालवली त्यांनी आधी मोडली."

त्यांनी चौकटीवर हात आपटला. "बरं. तुझं चालतंय ना? मग माझं बी चालंल. आता ह्या घरात इसावा कशालाच न्हाई. मी बी टॅक्टर काढतो. जातो शिवारात."

शिवारात म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. शिवारात आता पत्र्याची गोदामं आहेत आणि कंटेनर उभे असतात. ट्रॅक्टर मागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभा आहे. तात्या तो विकू देत नाहीत. दर खंडेनवमीला धुऊन, हार घालून त्याची पूजा करतात आणि त्याला दसऱ्यापर्यंत विसावा देतात.

माझ्या खोलीची खिडकी शेडकडे उघडते. मी माऊस फिरवत होते आणि ऐकत होते. आधी शेडचं दार करकरलं. बराच वेळ काही नाही. मग किल्लीचा आवाज, आणि कट्. नुसतं कट्. पुन्हा कट्. खोल्यांमधली भाडेकरूंची पोरं गोळा झाली. "आजोबा, धक्का मारू का?" कोणीतरी विचारलं. "व्हा तिकडं!" तात्या ओरडले. पुन्हा कट्. नंतर तोही आवाज येईना.

मी उठले नाही. खिडकी लावून घेतली आणि मापं टाकत राहिले. मनात म्हटलं, बसा आता. कोणी तुमच्या वायरी उपटल्या नाहीत.

ड्रॉइंग वेळेत गेलं. थोड्या वेळानं बुद्धरत्न सरांचा फोन आला. "मॅडम, बघितलं. दोन मापांची टॉलरन्स उगाच घट्ट दिलीय, तिथं थोडी सूट सोडायची, बाकी चांगलंय. दसऱ्यानंतर पुढचं काम पाठवतो." मी "हो सर" म्हणाले. फोन ठेवला आणि मशीन बंद केलं. सांगायला जवळ कोणी नव्हतं.

बाहेर आले तर सासूबाई मागच्या दारात पदर चावत उभ्या होत्या.

"किती हाका मारल्या, उतरंनात. जेवाय बी येईनात. दुपारपासनं तिथंच हायती."

शेडमध्ये उजेड कमी झाला होता. तात्या ट्रॅक्टरच्या सीटवर ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. टोपी मांडीवर काढून ठेवलेली. उजवा पाय पुढे लांब करून ठेवला होता आणि तो त्यांना वाकवता येत नव्हता, हे मला लगेच दिसलं. गुडघ्याचं दुखणं जुनं. एरवी पूजेच्या दिवशी ज्ञानेश त्यांना काखेत धरून वर चढवतो आणि तसाच उतरवतो. आज ते रागाच्या भरात एकटे चढले होते. उतरता येत नव्हतं, आणि हे ते कोणाला सांगणार नव्हते. बायकोलाही नाही. मला तर जन्मात नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं का तुझं?"

"झालं. काम मिळालं."

मी पुढे झाले तशी त्यांनी हवेत हात झटकला. "हात देऊ नगंस."

"देत नाहीये."

मी घरात जाऊन टेबलापाशी असलेली माझी लाकडी खुर्ची आणली. मोठ्या चाकाला लागून, हलणार नाही अशी घट्ट टेकवून ठेवली. दारातल्या पोरांना खोल्यांकडे हाकललं. सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही पानं घ्या."

मग शेडच्या दारात जाऊन मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

समोर गोदामाचे दिवे लागले. मग स्टिअरिंग सोडल्याचा आवाज आला. मागे कण्हणं ऐकू आलं, ते दातात दाबलेलं. खुर्ची करकरली, थांबली, पुन्हा करकरली. मी समोरच्या गोदामाच्या पत्र्याकडे बघत राहिले आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत वळले नाही.