पिलसुन आजींच्या थुंकीतलं विष

दर पाच दिवसांनी भरणाऱ्या बाजारात कोबीवालीकडे चिटपाखरू नव्हतं. गावातल्या झाडून सगळ्या आज्या गेले दहा दिवस तिथे ठोकलेल्या निळ्या तंबूत शिरल्या होत्या. आत येणाऱ्याला टॉयलेट पेपरचे रोल फुकट, वर मा नावाच्या गुरुजींचं दर्शन!

"या आई, थुंका!" गुरुजींनी पाण्याचा पेला पुढे केला.

पिलसुन आजी थुंकल्या. गुरुजींनी 'सत्यजला'चे दोन थेंब टाकले आणि पाणी तपकिरी झालं.

"सत्तर वर्षांचं विष! आता बघा हजार वर्षांच्या रानटी जिनसेंग मुळीची किमया!" त्यांनी चिमूटभर भुकटी टाकली, ढवळली. पाणी पुन्हा नितळ!

"आइगो! काय हा चमत्कार!" तंबू थक्क झाला आणि लगेच पाकिटं उघडली.

मागे उभ्या असलेल्या ना क्योंगह्वाच्या कपाळाला आठी पडली. ती गावची वैद्यीण. जडीबुटी उकळण्यात तिची तीस वर्षं गेली होती. पिलसुन आजी आठ दिवस दवाखान्यात फिरकल्या नाहीत म्हणून ती शोधत आली होती.

"आजी, मधुमेहाच्या गोळ्या घेता ना?"

"फेकल्या! तुझा कडू काढाही बंद. गुरुजी म्हणाले, सगळ्या आजारांना ही एकच भुकटी."

आजींचे ओठ सुकले होते, त्या सारखं पाणी मागत होत्या.

"गुरुजी," ती पुढे झाली, "आमच्यात पडशाला काढा, पोटाला चूर्ण, जुन्या दुखण्याला मधात वळलेल्या गोळ्या, अशक्ताला आटवलेलं चाटण. तेही नाडी, जीभ बघून. तुमचं थुंकीवरच भागतं?"

"जळते मेली!" कोणीतरी ओरडलं. "दवाखान्यात माश्या मारते ना!"

"मारते की. पण आता माझं पाणी तपासा." तिनं सीलबंद बाटली फोडली, पेल्यात पाणी ओतलं आणि न थुंकताच गुरुजींचं सत्यजल टाकलं. पाणी तपकिरी!

"बाटलीला कुठलं सत्तर वर्षांचं विष?"

"का... कारखान्याचं पाप!" गुरुजी म्हणाले.

क्योंगह्वानं शेजारणीच्या पिशवीतलं संत्रं घेतलं आणि पेल्यात पिळलं. तपकिरी रंग पार उडाला.

"हे संत्रंही हजार वर्षांचं का हो?"

तंबू खदाखदा हसला.

"सत्यजल म्हणजे गुडघा फुटल्यावर लावतो ते आयोडीन. व्हिटॅमिन सी पडलं की त्याचा रंग जातो. ते संत्र्यात असतं आणि या भुकटीतही मिसळलंय. विष आलंही नाही, गेलंही नाही."

"ध्यानाची वेळ झाली," म्हणत गुरुजी पडद्यामागे सटकले. गळ्यातला माईक मात्र चालूच होता. सगळ्या बाजारानं ऐकलं, "गाडी काढ! अरे, चपला राहू दे, गाडी काढ!"

क्योंगह्वानं आजींना तडक इस्पितळात नेलं. रक्तातली साखर चारशेच्या वर होती. आणखी दोन दिवस गेले असते तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

"लाज वाटते गं," खाटेवरून आजी पुटपुटल्या. "पण तो रोज 'आई' म्हणायचा. पोरं तर महिन्यातून एकदा फोन करतात."

"लाज त्याला वाटू दे," क्योंगह्वानं त्यांचा हात धरला.

आजी डोळे बारीक करून म्हणाल्या, "पण काय गं, तुझा काढा तरी खरा कशावरून?"

क्योंगह्वा क्षणभर चपापली, मग मोकळेपणानं हसली. "हे आधीच विचारायला हवं होतंत! मला विचारा, डॉक्टरांना विचारा. काय दिलं, कशासाठी, किती जणांवर तपासलं, सगळं विचारा. उत्तर देताना जो चिडेल त्याच्याकडून पाणीसुद्धा घेऊ नका."