खाऱ्या तळ्यातला डावा बूट

"सत्य नेहमी तळाशी असतं," असं साहेब म्हणाले आणि होडीतून उतरायला त्यांनी डावा पाय गाळात टाकला. गाळाने तो घोट्यापर्यंत गिळला, जरा चाखून पाहिला आणि पाय तेवढा परत केला. बूट ठेवून घेतला.

साहेब म्हणजे पाणी तपासणी खात्याचे संचालक. काळेभोर, चकचकीत चामडी बूट घालून ते चिखल पाहायला आले होते, कारण वर्तमानपत्राचा छायाचित्रकार येणार होता. तो आला नाही. बूट मात्र गेला.

होडीत मागे बसलेली गाळताई शेवटच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवत होती. खात्यात रसायनतज्ज्ञ पुष्कळ, पण गाळात कोपरापर्यंत हात घालणारी ती एकटीच, म्हणून हे नाव पडलं होतं. नदी समुद्राला मिळण्याआधी ज्या खाऱ्या तळ्यात घटकाभर विसावते, त्या तळ्याचा आणि वरच्या नदीचा गाळ तिने ठिकठिकाणी उपसला होता. नदीच्या वरच्या अंगाला धातूंना मुलामा देणारे कारखाने होते. गाळात शिसं किती, कॅडमियम किती, क्रोमियम किती, हे तिला खात्याच्या कागदावर आणायचं होतं. कारण घरचं होतं.

तिचे आप्पा रोज संध्याकाळी त्याच तळ्याच्या कठड्यावर गळ टाकून बसत आणि लागेल तो मासा घरी आणून तळून खात.

"आप्पा, तळातलं विष माशांत उतरतं आणि माशांतलं तुमच्यात."

"तुझ्या आईच्या हातचं खाऊन जन्म काढला मी. मला गाळाची भीती घालतेस?"

"ऐकू येतंय," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

"थट्टा नको, आप्पा."

"बरं. तुझ्या खात्याने शिक्का मारून लिहून दिलं ना, की तळ खराब आहे, की गळ बंद. सरकारी कागदाचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. तुझा मोडतो, कारण तू घरची आहेस."

गाळताईने गाळ वाळवला, चाळला, आम्लात विरघळवला आणि यंत्राला पाजला. यंत्राने जे आकडे ओकले ते पाहता तो गाळ विकायला काढला असता तर भंगारवाल्याने हसत भाव दिला असता.

मग बैठक भरली. अध्यक्ष साहेबच. समोर कारखानदारांचे वकील, बोलायला साखरेसारखे गोड.

"ताई, एक अडाणी प्रश्न. क्रोमियम आणखी कशात सापडतं?"

"चामडं कमावताना वापरतात."

"म्हणजे बुटातही."

सगळी बैठक वाकून टेबलाखाली साहेबांच्या पायांकडे पाहू लागली. तिथे चपला होत्या.

"एका बुटातून एवढं क्रोमियम?" गाळताईने विचारलं.

"साहेबांचा बूट साधासुधा नसणार."

"महागाचा होता," साहेब म्हणाले. त्यांना हे पटू लागलं होतं.

"आणि शिसं कुठून आलं?"

"बुटाला टाच असते, ताई. टाचेत खिळे असतात. खिळ्यांच्या पोटात काय असतं, कुणी पाहिलंय?"

"मी नमुने घेतले तेव्हा बूट साहेबांच्या पायात होता. तो नंतर पडला."

वकिलांनी डोळे मिटून विचार केला. "म्हणजे परिणाम आगाऊच सुरू झाला. प्रकरण गंभीर आहे."

"वर नदीतही तेच धातू आहेत, थेट कारखान्यांच्या दारापर्यंत. बूट काय प्रवाहाच्या उलट गेला?"

"बूट आहे तो. चालायलाच बनवलेला असतो."

साहेब मनात हिशोब करत होते. कारखान्यांना दोषी धरलं, तर वरून फोन येणार. बुटाला धरलं, तर कुणाचाच येणार नाही. बुटाला नातेवाईक नव्हते. होता तो एकच, उजवा, आणि तो साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात तोंड मिटून बसला होता, कारण महागाची वस्तू टाकवत नाही.

निर्णय झाला, शिक्का बसला. 'तळ खराब आहे. कारण: एक डावा बूट. उपाय: बूट काढणे.'

गाळताई भांडली. मग तिने त्या पहिल्या वाक्याकडे नीट पाहिलं आणि ती भांडायची थांबली. संध्याकाळी तिने कागद आप्पांपुढे धरला, आणि अंगठा दुसऱ्या वाक्यावर ठेवला.

"अंगठा काढ," आप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून कागद शेवटपर्यंत वाचला. "ठीक आहे. बूट निघेपर्यंत मासे बंद."

"आप्पा, तो बुटाचा भाग धादांत खोटा आहे."

"आणि खाली शिक्का आहे तो?"

दुसऱ्या दिवशी आप्पा जाड दोरीला मोठा गळ बांधून गेले आणि काळोख पडायच्या आत बूट घेऊन आले. गाळताईने तो प्रयोगशाळेत नेऊन तपासला. बिचारा निर्दोष होता. उलट तळ्यानेच त्याच्यात शिसं भरलं होतं. तिने तसं लेखी कळवलं. खात्याने उत्तर दिलं की बूट निघाल्यामुळे तळं स्वच्छ झालं आहे, सहकार्याबद्दल तिच्या वडिलांचे आभार.

ती धुवून स्वच्छ केलेला बूट पिशवीत घालून घरी आली, आणि आता तळणीचा वास येणार म्हणून दारातच थबकली. वास आला नाही. आप्पांनी बूट घेतला, डाव्या पायात चढवला, उजव्यात चप्पल तशीच ठेवली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारू लागले. एक टॉक, एक फटक.

"गळ कुठाय?" तिने विचारलं.

"कठड्यावर बसून हल्ली गुडघे धरतात. डॉक्टर म्हणतात, चाला. चालायला धड बूट नव्हता. हा बघ कसा बसलाय. दुसरा मिळाला, तर संध्याकाळी फिरायलाच जाईन, गळ माळ्यावर टाकीन."

"माझे आकडे काहीच नाहीत का, आप्पा?"

"आकडे चांगले आहेत गं. पण ते पायात घालता येत नाहीत."

सकाळी नकाशे, आलेख आणि वरच्या खात्याकडे जायचं जाडजूड अपील काखेत मारून गाळताई साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. तो गठ्ठा पाहून साहेब खुर्चीत ताठ झाले, घसा खाकरून म्हणाले, "सत्य, ताई..."

"ते नंतर वाचा," तिने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि कपाटाकडे बोट केलं. "आधी तो उजवा देता का? लेस नसली तरी चालेल."