कुणाच्या वळणावर?

मित्रांनो, मी घोडा आहे. जुना खरा, पण मोडीत काढण्याजोगा नव्हे. आयाळीत पांढरे केस आले आहेत आणि ते मी मिरवतो. माझी कीव करायला कुणी बसलं असेल तर त्यानं खुशाल उठावं. फाटक्या छत्र्यांची आणि मोडक्या खुर्च्यांची रडगाणी तुम्ही पुष्कळ वाचली असतील. माझं तसं नाही. मी शर्यती मारल्या, शर्यती मारणारी पोरं जन्माला घातली, आणि एकदा अख्ख्या पागेला वठणीवर आणलं. मला सांगायची आहे ती ही शेवटची गोष्ट. पण आधी कूळ सांगतो. आमच्यात कूळ सांगितल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

माझ्या ठाणाशेजारच्या भिंतीवर एक भलामोठा फळा आहे. डाव्या टोकाला माझं नाव. तिथून दोन फांद्या फुटतात. वर बाप, खाली आई. हा वर-खालीचा क्रम घोड्यांनी ठरवलेला नाही, एवढं लक्षात ठेवा. मग आजे, पणजे, खापरपणजे असं करत करत उजव्या टोकाला अक्षरं मुंगीएवढी होतात. मी अस्सल जातिवंत वळू घोडा. दूरदूरच्या घोड्या माझ्याकडे आणतात, अकरा महिन्यांनी त्यांना शिंगरं होतात, आणि मग त्या शिंगरांच्या फळ्यावर वरच्या फांदीला माझं नाव लागतं. माझी पोरं इतकी आहेत की बापाच्या बाजूनं कुणी कुणाला भाऊ म्हणतच नाही. एका आईच्या पोटचे असतील तरच भाऊ, असा आमच्या धंद्याचा कायदा. हा भाऊ शब्द जरा ध्यानात ठेवा.

खोटं कशाला बोलू? पाय मला बापानं दिले. तो वाऱ्याला मागे टाकी. आणि स्वभाव असा, की घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचं एक बोट त्यानं कायमचं ठेवून घेतलं. तेव्हापासून मोतद्दाराला सगळे नऊबोटे म्हणतात, जणू आडनावच. छाती मला आईनं दिली. तीही तेजतर्रार, स्वतःच्या सावलीला दचकून कुंपण ओलांडणारी. अशा दोन निखाऱ्यांच्या पोटी मी आलो. आई मला चाटून उठली, आणि दिवस वर यायच्या आत गेली.

नऊबोटे धावत सुटले. बाजारात भाजीची गाडी ओढणारी एक घोडी नुकतीच व्याली होती. ठेंगणी, रुंद पाठीची, रंग कसला म्हणाल तर धुळीचा. गाडीवाल्यानं तिला शिंगरासकट मालकांना देऊन टाकलं. तिचं नाव दगडी. मालकांची आत्या, जिच्या शब्दाबाहेर पागेत काडी हलत नसे, ती दारातच म्हणाली, "शी! हिचं दूध पाजायचं? जात ना पात!"

"आत्याबाई, दूध पांढरंच आहे, मी पाहिलं," नऊबोटे म्हणाले.

घोडी परक्या पोराला सहजासहजी जवळ करत नाही. म्हणून आमच्या धंद्यात एक युक्ती करतात. दगडीचं शिंगरू मागच्या पडवीत नेऊन बांधलं, आणि त्याच्या अंगावरची झूल काढून माझ्या पाठीवर टाकली. तिनं वास घेतला. झूल तिच्या पोराची, पोर भलतंच. माणसांना वाटलं, फसली. मी सांगतो, ती फसली नव्हती. तिनं दोनदा हुंगलं, पडवीच्या दिशेनं कान टवकारले, तिकडून येणारी बारीक हाक ऐकली, आणि तरीही पाय सैल करून मला दूध दिलं. यात माणसांच्या हुशारीचा गुंजभरही वाटा नव्हता.

तिचं पोर बादलीतल्या दुधावर वाढलं. म्हणून त्याचं नाव बादल्या. पाहुण्यांना वाटे, आकाशातल्या ढगावरून ठेवलंय. मालकही ते खोडून काढत नसत. तो खुरटाच राहिला. पुढे त्याला पागेच्या कडब्याच्या गाडीला जुंपलं.

मी मात्र दगडीच्या पोटाशी वाढलो. पत्रा वाजला की मी हातभर उडे. ती चघळत राही. गाडीचा भोंगा, फडफडणारं धुणं, कुत्र्यांची भांडणं, काहीही होवो, तिचा एक कान हले आणि परत जागेवर जाई. त्या कानाकडे बघून मी शिकलो की पत्रा हा पत्राच असतो, वाघ नसतो. एकदा मी नऊबोट्यांवर लाथ उगारली, तर तिनं माझ्या मानेला असा चावा घेतला की त्यानंतर माझी लाथ माणसाकडे वळली नाही. म्हणजे, एकदा वळली. तेच तर सांगतोय.

शर्यत सुटण्याआधी फाटकात कोंडलेले बाकीचे घोडे फेसाळत, दारं फोडत. मी उभ्या उभ्या डुलकी काढल्यासारखा. जॉकी नवा असला की घाबरे. "अहो, हा झोपलाय का?" मग दार उघडे, आणि हा झोपलेला सगळ्यांच्या पुढे. माझ्या पायांचं जितकं कौतुक झालं, तितकंच शांतपणाचं. कारण तापट घोडा अर्धी शर्यत उभ्या उभ्याच हरतो. शर्यती संपल्या आणि मी वळू म्हणून पागेत परतलो. शेजारच्या ठाणात दगडी होतीच. आमच्या मधल्या फळकुटावरून ती हनुवटी माझ्या पाठीवर टेकवी, आणि मी दिवसभर कुणालाही हात लावू देई.

घोड्यांचे मालक यायचे, फळ्यासमोर उभे राहायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. "बाप असला, आई तसली, मग हा एवढा शांत? कुणाच्या वळणावर गेलाय हो?"

मालक काठीनं फळ्याच्या उजव्या टोकाची एक मुंगी दाखवत. "ही बघा, खापरपणजी. फार गरीब होती म्हणतात."

तिला पाहिलेलं कुणी हयात नव्हतं. आत्या मान डोलवी. "खाण तशी माती!" आणि फळ्याला लागूनच दगडी उभी असे, माश्या वारताना तिच्या शेपटीचा गोंडा त्या खापरपणजीच्या नावावरून फिरे. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण माणसांनीच केली ना? मग कळते कशी नाही?

आणखी एक सांगतो, कारण लपवाछपवी मला जमत नाही. माझी पोरं पळायला माझ्यासारखी निघाली, शांतपणाला निघाली नाहीत. मालक म्हणत, "वय झालं की होतील." ती वयातही आली, दारंही फोडत राहिली.

मग एका हंगामाला एक बड्या घराण्याची घोडी यायची होती. तिला माझ्या शेजारचं ठाण हवं होतं. दगडी म्हातारी झालेली, तिच्याच्यानं आता गाडीही ओढवत नव्हती. "खाते नि उभी राहते," आत्या म्हणाली. "काढून टाक." वीटभट्टीवाला दाराशी आला. तिथं म्हाताऱ्या घोड्या किती टिकतात हे पागेत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दोर त्याच्या हाती दिला. दगडीला नेताना ती एकदाच मागे वळली, आणि मागच्या पडवीतून बादल्या असा ओरडत उसळला, की कडब्याची गाडी त्यानं आडवी केली.

मित्रांनो, मी ठरवलं. तोवर मला ठरवावं लागलंच नव्हतं.

मी दाण्यानं भरलेला चंदीचा तोबरा लाथेनं उडवला. दाराची एक फळी फोडली. नालबंद आला, त्याला घमेल्यासकट बाहेर घालवला. बड्या घराण्याची घोडी आली तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. आलेले पाहुणे फळ्यासमोर कुजबुजू लागले. मालक फळ्यापुढं उभे राहून माझ्या तापटपणाची मुंगी शोधू लागले. ती लगेच सापडली. सापडायला काय, तिथं हवी ती मुंगी सापडते.

"आत्या, अगं, बापाचं रक्त उसळलं बघ शेवटी."

"मी म्हटलं नव्हतं? खाण तशी माती!"

नऊबोटे म्हणाले, "त्याला शेजारीण हवीय, मालक."

"मग आणा की शेजारीण!" मालक म्हणाले.

आणि त्यांनी काय केलं असेल? दगडीची जुनी झूल शोधून काढली, एका भलत्याच गरीब घोडीच्या पाठीवर टाकली आणि तिला शेजारी आणून बांधली. तीच युक्ती! शिंगरू असताना चालली म्हणून आताही चालेल, असं त्यांना वाटलं. मी फळकुटावरून मान घातली. वास दगडीचा, घोडी परकी. मी ती झूल दातांत धरली आणि उभी फाडली. घोडीला ओरखडाही काढला नाही. तिचा काय दोष? नऊबोटे तुकडा सोडवायला पुढे आले आणि माझी लाथ त्यांच्या कानाजवळून गेली. तेवढीच एक. लागली नाही, पण त्यांनी राहिलेली नऊ बोटं पुन्हा मोजून पाहिली.

मालक मात्र शांत. "राहू द्या काका, दमलात. बसा जरा."

जनावरांचे डॉक्टर आले होते, ते हसले. "एवढं होऊनही तुमचा आवाज चढत नाही. तुम्ही कुणाच्या वळणावर गेलात?"

"आईच्या," मालक अभिमानानं म्हणाले. "सगळे म्हणतात, मी अगदी आईच्या वळणावर गेलोय."

आत्या ओट्यावर सूप घेऊन हरभरे पाखडत होती. सूप थांबलं.

"सगळे म्हणजे कोण रे?"

"म्हणजे... आपले सगळे."

"तू तिचा चेहरा ओळखायच्या आत गेली बिचारी. तिनं तुला वळण कधी लावलं? वरून निरोप धाडत होती?"

"आत्या, मला तसं नव्हतं..."

"हाताखालच्या माणसावर ओरडायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं? ओरडलास तेव्हा पळीनं पाठीत कुणी हाणलं?"

"तू."

"मग तुझ्या त्या फळ्यात मी कुठं बसते?"

आत्या आणखी बोलणार होती, पण तिची नजर जमिनीवरच्या फाटक्या झुलीवर गेली. मग शेजारच्या ठाणावर. मग माझ्यावर. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली, आणि मीही नजर हलवली नाही.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "ती गाडीची घोडी! आणि मीच म्हटलं, काढून टाक." सूप खाली ठेवून ती उठली. "गाडी काढ."

"आत्ता? अगं, पाहुणे येतायत."

"पाहुण्यांना चहा मी करते. तू गाडी काढ!"

दगडी परत आली तेव्हा तिच्या खांद्याला जोखडाची जखम होती आणि बरगड्या दिसत होत्या. पण चार पायांवर उभी होती. ती माझ्याकडे आली नाही. आधी मागच्या पडवीकडे गेली, बादल्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत हुंगलं, आणि मगच आपल्या ठाणावर येऊन हनुवटी माझ्या पाठीवर टेकवली. मला राग आला नाही. हा क्रम बरोबर होता, आणि तो उशिरा लागला होता.

तेव्हापासून आईपासून तोडलेली सगळी शिंगरं दगडीच्या कुरणात सोडू लागले. पत्रा वाजला की तीही आता तिच्या कानाकडे बघत. माझी पोरं शांत निघू लागली! आत्या आता 'खाण तशी माती' म्हणत नाही. ती म्हणते, "मातीला हातही लागावा लागतो." फळ्यावर मात्र दगडीचं नाव अजून नाही. मालक म्हणतात, नियमात जागा नाही. पाहुण्यांनी 'कुणाच्या वळणावर' विचारलं की काठी फळ्याकडे जाता जाता थांबते, आणि मालक नुसतंच शेजारी बोट दाखवतात. दगडी आता नाही. ठाण तिचंच आहे. त्यात बादल्या राहतो. मी त्याला भाऊ म्हणतो, धंद्याचा कायदा काहीही म्हणो. तो मला म्हणत नाही. माझ्या तोबऱ्यातलं खातही नाही. त्याचं बरोबर आहे.

मित्रांनो, तुम्हीही कुणाच्या तरी वळणावर गेला आहात. घरातल्या भिंतीवरच्या तसबिरी बघून ते कळणार नाही. ज्यांनी तुम्हाला न्हाऊ घातलं, हात धरून चालवलं, रात्री कूस दिली, त्यांची जात विचारू नका आणि ते म्हातारे झाले की त्यांचं ठाण दुसऱ्याला देऊ नका. आणि एक कराच. आपल्या पाठीवरून हात फिरवून बघा, तिथं कुणाची तरी झूल आहे. ती कुणाच्या अंगावरून काढली होती, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. दार फोडावं लागलं तरी चालेल.