एक बिजागरी, पाच उमेदवार

आमच्या कातारी मंडळात एकोणतीस सभासद आहेत आणि त्यातले अठ्ठावीस आपल्या लाकूड कातायच्या लेथवर डोळा ठेवून आहेत, असं आयनो लाहतीचं म्हणणं. एकोणतिसावा तो स्वतः. मी म्हटलं, "आयनो, मी लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहतो. जिन्याला दोन वळणं आहेत. मी तुमचा लेथ नेऊन ठेवू कुठे?"

आयनोने डोळे बारीक केले. मग म्हणाला, "म्हणजे जिना मोजून झालाय तर."

आयनो एकोणऐंशी वर्षांचा. झाडांना जिथे मोठ्या गाठी येतात तेवढाच तुकडा तो घेतो आणि त्यातून कमरेएवढ्या उंच फुलदाण्या कातून काढतो, आतून पोकळ, कडा बोटाएवढीही जाड नाही. लेथच्या एका टोकाला लाकूड धरून फिरवतात आणि दुसऱ्या टोकाने टेलस्टॉक त्याला मागून टेकू देतो. बाहेरून कातताना टेलस्टॉक हवाच. पण आतून पोखरायचं म्हटलं की लांब सळई फुलदाणीच्या तोंडातून आत घालावी लागते, आणि नेमका तोंडासमोर टेलस्टॉक उभा. तो रुळांवरून सरकवत टोकाशी न्यायचा, उचलायचा आणि खाली ठेवायचा. वजन अडतीस किलो. आयनोने हे बावीस वर्षं केलं.

जानेवारीत टेलस्टॉक हातात असतानाच त्याची पाठ धरली. तासभर तो ढलप्यांवर आडवा होता. कॉफी गार झाली म्हणून सांगायला लेम्पी गॅरेजमध्ये आली तेव्हा तिने आधी टेलस्टॉक उचलून बाजूला ठेवला आणि मग नवऱ्याला. हे तिनेच चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं. क्रमासकट.

डॉक्टरांनी पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही म्हणून बजावलं. त्यामुळे आयनोपुढे दोनच वाटा उरल्या. पहिली, लेथच्या टोकाला एक झुलती बिजागरी बसवायची. टेलस्टॉक त्यावर सरकवला की तो न उचलता बाजूला वळतो. दुसरी वाट, पेनं कातायची. पेनाला टेलस्टॉक काढावाच लागत नाही. आमच्याकडे मात्र 'अमका पेनं कातायला लागला' हे वाक्य लोक कोणी वारल्यासारखं टोपी काढून बोलतात. त्यानंतर वर्षाच्या आत त्याचा लेथ दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये असतो.

कारण आमचा रिवाज असा की कोणी काम सोडलं तर त्याचा लेथ बाहेर विकायचा नाही. ज्याला हवा त्याने मंडळाच्या वहीत, त्या माणसाच्या पानावर, नाव लिहून ठेवायचं. ज्याचं नाव वर त्याचा हक्क पहिला. चिटणीस म्हणून वही माझ्याकडे असते. आयनोच्या पानावर पाच नावं आहेत. माणूस जिवंत आहे, काततो आहे, आणि त्याच्या पानावर पाच नावं. वाईट दिसतं, मान्य. पण आयनोचं स्वतःचं नाव इतर सहा जणांच्या पानांवर आहे, आणि त्यातले दोघे त्याच्याहून लहान आहेत.

गॅरेजच्या कोपऱ्यात चार वर्षं वाळवलेली मेपलची गाठ पडून होती. पिंपाएवढी. "ही मी पोखरणार," आयनो म्हणाला. "बिजागरी कुठली घ्यायची ते बघ. आणि कोण काय सांगतो ते नावासकट लिहून आण."

मी सगळ्यांना विचारलं. सोळा जणांनी उत्तरं दिली.

आमच्या अध्यक्षबाई मार्लिस म्हणाल्या, लेथच्याच कंपनीची घ्या. भोकं जुळतात, कटकट नाही. फक्त ती मागच्या बाजूला वळते आणि आयनोचा लेथ भिंतीला लागून आहे, तेवढा तो दोन हात पुढे ओढावा लागेल.

"ओढावा लागेल," आयनो म्हणाला. "म्हणजे आधी भिंतीपासून सुटा करायचा. सुटा केलेला लेथ निम्मा नेलेलाच असतो."

दुसरी दुसऱ्या एका कंपनीची. ती पुढे, आपल्या बाजूला वळते, आणि गाडीच्या डिकीला असतो तसा दांडा तिला हळूच खाली सोडतो. कागदावर लिहिलेलं, छत्तीस किलोपर्यंत चालेल.

"दोन किलोंनी काय होतंय," मी म्हटलं.

"त्या दोन किलोंखाली माझा पाय असेल."

तिसरी रुडी केस्किनेनची. रुडी त्र्याहत्तर वर्षांचा, खाणीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म वेल्डिंग करून निवृत्त झालेला. त्याने लिहिलं होतं, विकत कशाला घेता, मी करून देतो, फुकट. आयनोने ते पत्र दोनदा वाचलं आणि उलटं करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं.

"रुडी फुकट सर्दीसुद्धा देत नाही," तो म्हणाला.

तरी मापं घ्यायला रुडी आला. त्याने रुळांची रुंदी घेतली, टोकाच्या भोकांमधलं अंतर घेतलं, ते खडूने आपल्याच बुटावर लिहिलं. मग जाता जाता त्याने गॅरेजचं दार मोजलं. आयनो हातात कप धरून पाहत होता.

"दार कशाला?"

"बिजागरी आत आणायची ना."

"बिजागरी केवढी होईल?"

"हातभर."

"आणि दारातून काय जातं?"

रुडीने दाराकडे पाहिलं. "ट्रक," तो म्हणाला. "सवय असते रे हाताला, त्याचं एवढं काय."

त्या आठवड्यात आयनोने विचार केला. विचाराचा निकाल असा निघाला की जे म्हणतात बिजागरी घे, त्यांना लेथ बिजागरीसकट हवा आहे. जे म्हणतात नको घेऊस, त्यांना आपण लवकर पेनांवर यायला हवे आहोत.

"आणि ज्यांनी उत्तरच दिलं नाही?"

"ते सगळ्यात पोचलेले."

लेम्पी आतून म्हणाली, "तुम्ही दोघं एक काम करा. एफबीआयला बोलवा. मी कॉफी करते."

आयनोने एफबीआयला बोलावलं नाही. त्याने पेन कातलं.

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी चर्चच्या तळघरात आमची बैठक असते. सुरुवातीला जो तो आपलं नवं काम मधल्या टेबलावर मांडतो. त्या दिवशी वाडगे होते, एक भोवरा होता, आणि त्यांच्यामध्ये आयनोने खिशातून काढून ते पेन ठेवलं. मग तो कॉफीच्या पिंपाआड जाऊन उभा राहिला. मला आधीच सांगून ठेवलं होतं, "डावीकडचे चेहरे तू बघ, उजवीकडचे मी."

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली ती ऐकू आली. डावीकडचे चेहरे मी पाहिले. सगळे जमिनीकडे पाहत होते, आणि चर्चमधल्या कुठल्याही प्रार्थनेला आमचं मंडळ इतकं एकाग्र झालेलं मला आठवत नाही.

मार्लिसबाई आल्या, आयनोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "फार सुरेख झालंय हो," इस्पितळात बोलतात त्या आवाजात. कोणीतरी त्याच्या बशीत न विचारता वेलदोड्याच्या पावाचा दुसरा तुकडा ठेवला. दोघांनी त्याला लेम्पी कशी आहे असं विचारलं. ती तिथेच बसली होती.

शेवटी रुडी आला. त्याने पेन उचललं, टोपण काढलं, लावलं.

"आयनो, तुझा तो लेथ... दोनशेवीस व्होल्टवरच चालतो ना? घरच्या साध्या एकशेवीसच्या प्लगवर नाही चालत?"

"दोनशेवीस."

"बरं," रुडी म्हणाला. "मी आपलं असंच."

घरी जाताना आयनो माझ्या ट्रकमध्ये बसला, पट्टा लावला. मग म्हणाला, "रुडीच."

"वाटलंच मला. म्हणजे त्याची बिजागरी बाद. मग मार्लिसबाईंची मागवू का?"

"अरे वेड्या, रुडीचीच घ्यायची."

मी ट्रक हळू केला.

"मार्लिस भली बाई आहे," तो म्हणाला. "भली माणसं सल्ला देतात आणि घरी जाऊन झोपतात. त्या कंपन्या मला ओळखतच नाहीत. पण रुडीने आपल्या गॅरेजमध्ये वायर ओढून ठेवली असणार, नाहीतर व्होल्ट कशाला विचारतो? वहीत पहिलं नाव कोणाचं आहे?"

ज्याचं पान त्याला त्यावरची नावं सांगायची नसतात. फक्त ट्रक आणखी हळू झाला.

"तेच. लेथ आपल्याच घरी येणार असं त्याच्या मनाने घेतलंय. म्हणजे बिजागरी तो स्वतःच्या पाठीसाठी करणार. दुसऱ्यासाठी केलेलं काम आणि स्वतःसाठी केलेलं काम यातला फरक मला कळतो. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी केलंय."

मागच्या सीटवर लेम्पी म्हणाली, "चार दशकं मी ह्याच्याबरोबर काढली, ती कशी, ते मला कोणी विचारत नाही."

शनिवारी वाफेच्या अंघोळीची सौना तापायच्या आत रुडी बिजागरी घेऊन आला. रुळांचा हातभर तुकडा, त्याला जाड खिट्टी, बाजूला मुठीएवढा सांधा आणि वजन तोलून धरणारी जाड स्प्रिंग. चार बोल्ट लावून ती टोकाला बसली. टेलस्टॉक त्यावर सरकवायचा, आवळायचा, खिट्टी ओढायची, की तो खाली लेथच्या पायाशी जाऊन लोंबतो. रुडीने एका बोटाने करून दाखवलं.

"खाली न्यायला काय, दगडही जातो," आयनो म्हणाला. "वर आल्यावर जागेवर येतो का ते बघू."

त्याने दोन्ही टोकांच्या अण्या समोरासमोर आणल्या आणि मधे पोलादाची पातळ पट्टी धरून चिमटली. अण्या जुळल्या असतील तर पट्टी सरळ उभी राहते. पट्टी कलली. मुंगीच्या पावलाएवढी, पण कलली.

"हं," आयनो म्हणाला.

रुडीने बोल्ट काढले, बिजागरी काखेत मारली आणि गेला. तीन दिवस त्याने फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या बोटांना पट्ट्या होत्या आणि बिजागरीखाली कागदाएवढे पातळ पत्रे. आयनोने पुन्हा पट्टी चिमटली. ती सरळ उभी राहिली. टेलस्टॉक दहा वेळा खाली नेला, दहा वेळा वर आणला, पट्टी दहाही वेळा सरळ.

"माझ्यासाठी करत असतास तर पहिल्याच दिवशी सोडली असतीस," आयनो म्हणाला.

"हो," रुडी म्हणाला. तो खोटं बोलत नाही, एवढं आहे.

"किती वर्षं टिकेल?"

"तीस. आरामात." हे म्हणताना त्याची छाती जराशी पुढे आली होती. मग आयनोने एका बोटाने टेलस्टॉक खाली सोडला, एका बोटाने वर आणला, आणि पाठीला हात न लावता कोपऱ्यातल्या मेपलच्या गाठीकडे वळला. तेव्हा कुठे रुडीची छाती हळूहळू जागेवर गेली. आपण काय करून बसलो ते त्याला कळत होतं, आणि मी ते कळताना पाहत होतो.

गाठ उचलायला आम्ही तिघं लागलो, म्हणजे मी, रुडी आणि लेम्पी. बाहेरून कातायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आयनोने टेलस्टॉक खाली झुलवला, लांब सळई तोंडातून आत घातली आणि पोखरायला घेतलं. ओल्या सालीचा वास नव्हता, चार वर्षं वाळलेलं लाकूड होतं, ढलप्या कोरड्या उडत होत्या आणि रुडीच्या टोपीवर पडत होत्या. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो तिन्ही दिवस आला.

"जरा हळू चालव," तो म्हणाला. "बेअरिंगं जातील."

आयनोने लेथ थांबवला. "कोणाची?"

स्टूल ओढून रुडी अशा जागी बसला की बेअरिंगांचा आवाज नीट ऐकू यावा. आयनोने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लेथ होता तेवढ्याच वेगाने पुन्हा सुरू केला.