नवसाबाईंनी बदललेलं पाणी

नवसाबाईंचं काम माझ्या तक्रारीच्या अर्जामुळे गेलं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या कंत्राटावर काचेची भांडी धुवायच्या. मी पीएचडी करणारी, आणि राग कायम नाकावर.

मला टायटॅनियमच्या पांढऱ्या पावडरीपासून केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्या बनवायच्या होत्या. पावडर कातडी जाळणाऱ्या कडक कॉस्टिक सोड्यात घालून स्टीलच्या बंद डब्यात दिवसभर तापवायची. तिचे पापुद्रे सुटतात आणि पुढे धुताना, उन्हातल्या पापडासारखे, आपोआप वळतात. माझे पापुद्रे मात्र दोन वर्षं आडवेच पडून होते. मला धीर कुठला? ॲसिड ओतून अर्ध्या तासात मी धुणं उरकायचे.

रंगपंचमीला तीन दिवस घरी गेले. डब्यातून काढलेल्या, न धुतलेल्या पापुद्र्यांचा बीकर प्रयोगशाळेच्या ओट्यावर तसाच, ना झाकण, ना चिठ्ठी. परतले तर वरचं पाणी नितळ.

"कुरडईच्या चिकावानी खाली बसलं व्हतं, म्याडम," नवसाबाई म्हणाल्या. "नासंल म्हनून रोज वरचं पानी बदललं."

सगळ्यांसमोर मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या पदराखाली हात घेऊन उभ्या होत्या. तोही मला उद्धटपणाच वाटला. त्याच दिवशी अर्ज दिला.

महिन्याभराने त्याच बीकरमधला नमुना, टाकून देण्याआधी, तपासायला पाठवला. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोत नळ्याच नळ्या, मेथीच्या जुडीसारख्या एकमेकींना बिलगलेल्या. सरांनी पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच मला तो पदर आठवला. उघड्या हातांनी कॉस्टिक! भाजलेले हातच त्यांनी पदराखाली घेतले होते. लाज वाटली, फार लाज वाटली.

मखमलाबादला त्यांचं घर शोधलं. दारातल्या ओट्यावर त्या झेंडू निवडत होत्या. बोटांची कातडी अजून गुलाबी होती. मी फोटो पुढे केला. "नवसाबाई, मी घाईनं धुवायचे, तुम्ही रोज हळूहळू पाणी बदललंत म्हणून हे झालं. चूक माझी होती."

त्यांनी फोटोकडे पाहिलंही नाही.

"मंग मी बिघडवलं नव्हतं?"

"नाही."

"साधना, बाहेर ये गं!" त्यांनी सुनेला हाक मारली. सून पीठभरल्या हातांनी दारात आली.

"सांगा म्याडम, हिला सांगा. रोज इचारती, शिकलेल्यांच्या वस्तूला हात लावलाच कशाला म्हनून."

मी सुनेला सांगितलं.

"आता जरा मोठ्यानं," नवसाबाई म्हणाल्या. "शेजारच्यांनाबी तेच म्हाईत हाय."