कच्चा दोरा, पक्का दोरा

मास्तर सहा महिन्यांनी पुन्हा तेच पुस्तक घेऊन दुकानात आला, तेव्हा बाइंडरच्या बायकोने मनोमन कानाला खडा लावला: आता पुरे. जाडजूड, जुनी इंग्रजी कादंबरी. एकमेकांवर जीव टाकता टाकता एकमेकांचा जीव घेणाऱ्या दोघांची. कॉलेजात त्यानेच ती तिला शिकवली होती, आणि लग्नाचं वचन देऊन ऐन वेळी काखा वर केल्या होत्या.

"पानं सुटली," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "खळीचा वास येतो तुझ्या हातांना. शोभतं का तुला हे?"

असा माणूस. यायचं, जखमेवर मीठ चोळायचं आणि निघून जायचं. मग आठ दिवस हिला अन्न गोड लागायचं नाही, आणि सगळा राग निघायचा बिचाऱ्या नवऱ्यावर. एवढं कळत असूनही बाईसाहेब दर वेळी काय करत? मधली सोळा पानं मुद्दाम कच्च्या दोऱ्याने शिवत. ती सुटावीत, पुस्तक परत यावं, आणि पुस्तकाबरोबर तोही. तिला त्याचा तिटकारा होता आणि ती त्याची वाटही पाहत होती.

तो गेल्यावर ती आतल्या टेबलाशी बसली. आत एकच खिडकी, तीही पुठ्ठ्यांच्या थप्पीने झाकलेली.

"मेणाचा दोरा द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "या वेळी पक्कं शिवते."

नवरा पुठ्ठा कापत होता. त्याने मान वर केली नाही.

"पक्कंच असतं. तुझा कच्चा दोरा मी दर वेळी काढतो आणि पुस्तक द्यायच्या आधी मेणाच्या दोऱ्याने पुन्हा शिवतो. दुहेरी."

ती त्याच्याकडे वळली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू गेली असतीस. आजवर तुटलेला दोरा मीच आधी काढून टाकायचो, आज तसाच ठेवलाय; पुस्तक बघ."

तिने पुस्तकाची पाठ उलगडली. दोरा झिजून तुटला नव्हता. ब्लेडने कापला होता, एकेक टाका, घाई न करता.

म्हणजे ती सैल सोडत होती, हा आवळत होता आणि तो कापत होता. इतकी वर्षं, तिघंही तोंडाला कुलूप लावून.

नवऱ्याने दोन्ही रिळं तिच्यापुढे ठेवली. "हवा तो दोरा घाल. मास्तर येणारच."

तिला आधी आनंद झाला. खरा, अंगभर आनंद. मग त्या आनंदाचीच तिला भीती वाटली. तिने हाताला लागलं ते रीळ उचललं आणि सुईत दोरा ओवला. कच्चा की पक्का, हे तिने पाहिलंसुद्धा नाही.